मुका फेरा

गोदावरी हे नाव मला लिंबादादाच्या भूगोलाच्या पुस्तकातून कळलं. तोवर आम्हाला ती गंगा. गंगेला जाऊन येते, गंगा उतरली, गंगेतली वाळू तापली, असंच सगळे बोलायचे आणि मी अजूनही तसंच बोलते. कुंभार पिंपळगावच्या बाजारातून खाली दक्षिणेला चालत निघालं की कापसाची काळी रानं हळूहळू संपत येतात, जमीन उतरू लागते, वाऱ्याला ओला वास येतो, आणि मग बाभळींच्या पलीकडे आमचं गाव. घर तीन खणांचं, वर मातीचं माळवद. घरात माणसं पाच: आबा, माय, आबांची विधवा बहीण म्हणजे आमची आत्या, माझा थोरला भाऊ लिंबादादा आणि मी, सुंदर. सुंदर हे नाव कागदावरचं. हाक मारताना सगळ्यांच्या तोंडी सुंद्रे.

सकाळी पहिला आवाज जात्याचा. माय दळायची, पण ओव्या म्हणायची नाही, तिला गाणं येत नव्हतं. ती जात्याशी बोलायची. 'हं, घे आता, घे की, किती नखरे करशील,' असं. मी अंथरुणात पडून ऐकायची आणि मला वाटायचं, सगळ्यांच्याच मायी जात्याशी बोलत असतील. मग आत्याचा खोकला, मग आबांचं बैलांना 'हो हो' करणं, मग चुलीवर भाकरी थापल्याचा थपथप आवाज. दिवाळीनंतर गंगा उतरली की आबा वाळूत वाडी करायचे. वाळूत खड्डे घ्यायचे, त्यात शेणखत घालायचं आणि टरबुजाची बी लावायची. चैत्र लागेपर्यंत सगळं पात्र हिरवंगार वेलांनी भरून जायचं. दुपारी तिकडे भाकरी पोचवायचं काम माझं. भाकरी, मिरचीचा ठेचा, कांदा, कधी अंबाडीची भाजी. वाळू अशी तापायची की पाय टेकवत नव्हता, म्हणून पळायचं. माझ्या पळण्याचं मूळ एवढंच. पण मग सवय लागली आणि वाळू थंड असली तरी मी पळतच जायची. माय म्हणायची, "सुंद्रे, पायाला भिंगरी हाय का गं तुझ्या? तुझ्या नवऱ्याला तुला हुडकायलाच बैल जुपावा लागंल." आणि तोंडाला पदर लावून हसायची. तिचं हसणं मला आठवतं, चेहरा मात्र आता धूसर झालाय. फोटो काढलेला नव्हता.

मी तेरा वर्षांची असेन, शिमगा सरता सरता माय बाळंत झाली. मुलगी. हीच आमची मंगल. पाचवीच्या आधीच मायला ताप भरला. सुईणीनं धुरी दिली, वावडिंग उकळून पाजलं, पोट शेकलं. ताप उतरायचा, अंग घामानं भिजायचं, आणि संध्याकाळी पुन्हा चढायचा. सोयर फिटेपर्यंत देवाचं काही करता येत नव्हतं, त्यामुळे बारा दिवस आत्या नुसती हात चोळत बसली. तेराव्या दिवशी अंगावर पाणी घेतलं आणि आमच्या महादेवासमोर तिनं पदर पसरला: पाच दिवस, पाच मुके फेरे, भावजय उठून चुलीपाशी बसू दे.

मुका फेरा आता कुणाला ठाऊक नाही म्हणून सांगते. आमच्या गावापासून गंगेच्या काठाकाठानं वर गेलं की एक जुनं गाव लागतं, दगडी घाटाचं. काळ्या पायऱ्या, पायऱ्यांवर पावलं झिजून खळगे पडलेले, वर पिंपळ. तिथं गंगेत तांब्याची घागर अर्धी भरायची. तिथूनच खाली उतार होता, मांडीभर पाण्यातून पलीकडे जायचं. मग पलीकडच्या काठानं परत खाली यायचं, मोठ्या वेशीच्या आणि बुरुजाच्या गावाला. तेही तसंच जुनं. तिथल्या घाटावर उरलेली अर्धी घागर भरायची. आणखी खाली येऊन वाळवंटातून, घोटाभर पाण्यातून आपल्या काठाला लागायचं आणि वर आपल्या महादेवाला यायचं. दोन्ही काठांचं पाणी एका घागरीत आणून एका पिंडीवर घालायचं, म्हणजे फेरा पुरा. घागर वाटेत टेकवायची नाही. चालायचं नाही, पळायचं. आणि पाणी भरल्यापासून ओतेपर्यंत बोलायचं नाही. मान हलवली, बोट दाखवलं, तरी ते बोलणंच. घागरीच्या गळ्याला घुंगरू बांधलेलं असायचं. तो आवाज आला की शेतातली माणसं बाजूला व्हायची, गुरं वळवायची, कुणी 'कुठं गं' म्हणून विचारायचं नाही. दोन्ही काठांच्या लेकराबाळांना हे माहीत होतं.

फेरा घरच्याच रक्तानं करायचा असतो. लिंबादादाच्या टाचेत बाभळीचा काटा मोडून पाय सुजून भोपळा झाला होता. आत्यानं माझ्याकडे पाहिलं. "हिला अजून न्हाण आलं न्हाई, चालतंय," म्हणाली. आबा म्हणाले, "पोरगी झेपंल का?" तर आतून, बाजेवरून, मायचा बारीक आवाज आला, "तिला सांगायलाच लागत न्हाई पळ म्हणून."

खरं सांगते, पहिले चार दिवस मला त्या फेऱ्याचा आनंद व्हायचा. माय आजारी असताना आनंद व्हायचा हे लिहिताना हात थांबतो, पण झाला तो झाला. पहाट फुटताना मी निघायची. काठाची माती गार, पायाला लोण्यासारखी. एका अंगाला गहू काढलेली रानं, एका अंगाला गंगा, तिच्यावर धुकं, धुक्यात बगळे उभे. वर घाटावर बायका धुणं आपटायच्या, घुंगराचा आवाज आला की हात थांबवायच्या, आणि मी पाणी भरून निघाले की मागून पुन्हा धप धप सुरू. उताराच्या पाण्यात बारकी मासळी पोटऱ्यांना लागायची. पलीकडच्या काठाला चिंचांची रांग होती, तिची सावली संपूच नये असं वाटायचं. वेशीतनं आत शिरलं की बुरुजावरची कबुतरं एकदम उडायची. कुणी बोलत नाही, कुणी थांबवत नाही, सगळी दुनिया माझ्यासाठी बाजूला होते. बाईच्या जातीला असं कितीदा मिळतं? मला पुन्हा मिळालं नाही.

आणि गुणही येऊन राह्यला, असं सगळ्यांना वाटलं. तिसऱ्या दिवशी मायनं पेज मागून खाल्ली. चौथ्या दिवशी मी तिच्यापाशी बसले, तर माझा हात धरून हळूच म्हणाली, "सुंद्रे, वाडीतलं एक टरबूज आण गं. आत्याला दिसू नको देऊ. एकच फोड. तोंड लई कडू झालंय." बाळंतिणीला टरबूज म्हणजे विष, असं आत्या म्हणायची. मी म्हणाले, "फेरे सरले की आणते, माय. उद्याच सरतेत."

त्याच संध्याकाळी लिंबादादानं सांगितलं की त्यानं एसटीच्या कंडक्टरच्या हाती चिठ्ठी पाठवून दवाखान्यात कळवलंय, उद्या नर्सबाई येणार, सुई देणार. आबांना ते फारसं पटलेलं नव्हतं. पण आत्या म्हणाली, "येऊ दे की. देव देवाचं करंल, ती तिचं करंल. भांडण हाय का दोघांचं?" आत्याला लोक नंतर बरंच बोलले, म्हणून हे मुद्दाम लिहून ठेवते. तिनं नर्सबाईला कधीच नको म्हटलं नव्हतं.

पाचवा फेरा. घाट झाला, उतार झाला, वेस झाली. वाळवंट पार करून मी आपल्या काठाला लागले तेव्हा ऊन डोक्यावर आलं होतं. काठ चढून आलं की तिथं एक मोठी बाभूळ होती आणि तिच्यापाशी वाट फुटायची. एसटीच्या फाट्यावरून येणारी गाडीवाट सरळ पुढे वाडी नावाच्या दुसऱ्या वस्तीला जायची, ती रुंद, चाकोऱ्या पडलेली. आमच्या गावाची मात्र पायवाट, गंगेच्या अंगानं, बोरीच्या झुडपांतून. नव्या माणसाला ती दिसायचीही नाही. बाभळीखाली नर्सबाई उभी होती. पांढरं लुगडं, निळा काठ, काळी छत्री, हातात पत्र्याची पेटी. सावळी, माझ्या मायच्याच वयाची. आमच्याकडची नव्हती, बोलण्यावरून कळत होतं.

"अगं मुली, थांब जरा," ती म्हणाली. "या दोनातला गावाचा रस्ता कुठला? तिथे एक बाळंतीण आजारी आहे. अगं, सांग ना."

मी थांबले. ते थांबणंही नियमात नव्हतं, पण पाय थांबले. घागरीतलं पाणी हिंदकळून माझ्या कपाळावर आलं. शब्द जिभेवर आल्ता, अगदी टोकाशी. आणि माझ्या मनात काय आलं ते मी आज इतक्या वर्षांनी जसंच्या तसं सांगते. पाच फेऱ्यांतलं शेवटचं हाकेएवढं अंतर राहिलं होतं. आता बोलले तर चार दिवसांचं सगळं पाणी मातीत. पेज खाल्लेली माय पुन्हा पडंल. महादेव समोर दिसत होता, त्याच्या कळसाचा चुना उन्हात चमकत होता. मी हिशेब केला की पळत जाते, पाणी ओतते, तोंड मोकळं झालं की पळत परत येते आणि बाईला घेऊन जाते. माझ्या पायांवर माझा तेवढा भरवसा होता.

मी पळाले. मागून तिचा आवाज आला, स्वतःशीच बोलल्यासारखा, "मुकी आहे वाटतं बिचारी. देवळाला चाललीय."

पाणी ओतलं. आत्या पिंडीपाशी हात जोडून बसली होती, मला जवळ घ्यायला उठली. मी घागर तिच्या हातात कोंबली आणि "नर्सबाई!" म्हणून ओरडले, आणि उलट पळाले. बाभळीपाशी कुणी नव्हतं. गाडीवाटेच्या धुळीत चपलांचे ठसे सरळ वाडीकडे गेलेले. आजपर्यंत मी जे काही पळाले असेन ते पळणं नव्हतंच, खरं पळणं ते. डोक्यावर घागर नाही, घुंगरू नाही, आणि मी सबंध वाट ओरडत होते, "बाई! ओ बाई!" वाडी चांगली लांब होती. ती वाडीच्या विहिरीवर ओंजळीनं पाणी पिऊन राह्यली होती.

"इकडं न्हाई, बाई. तिकडं," मी म्हणाले. "माझी माय हाय ती."

तिनं वर पाहिलं. मला ओळखलं. ओंजळीतलं पाणी गळून गेलं. मला वाटलं, आता थोबाडीत बसणार. पण तिनं चपला काढल्या, काखेत मारल्या, लुगडं वर खोचलं आणि म्हणाली, "पेटी धर. चल." आम्ही दोघी पळालो. ती मोठी बाई माझ्यामागं धापा टाकत, ठेचकाळत, अनवाणी पळत होती, आणि एकदाही थांबली नाही.

बोरीच्या झुडपांपाशीच आत्याचा हंबरडा ऐकू आला.

मायचं अंग अजून गरम होतं. नर्सबाईनं मनगट धरलं, छातीला कान लावला, पापणी उघडून पाहिली. मग हळूच हात खाली ठेवला. आबा भिंतीला टेकून उभे होते. "कुठं होत्या बाई तुम्ही?" ते म्हणाले. "बस तर कवाची येऊन गेली."

"रस्ता चुकले."

"कुणाला इचारायचं तरी, बाई! कुणाला तरी इचारायचं!"

नर्सबाईनं माझ्याकडे पाहिलं. मी दाराशी तिची पेटी छातीशी धरून उभी होते. "रस्त्यात कुणी भेटलं नाही," ती म्हणाली.

मला वाटतं, त्या क्षणी मी बोलले असते तर सगळं आयुष्य दुसरं झालं असतं. पाणी ओतून झालं होतं, तोंड मोकळं होतं. मी गप्प राहिले.

त्यानंतर आबा भेटेल त्याला सांगायचे की त्या बाईनं वाट चुकल्याचं ढोंग केलं आणि माझी लक्ष्मी घालवली. बाजारात, शेतात, सोयऱ्यांत, सगळीकडे तेच. लोकांनी तिला दारात उभं करणं सोडलं. ती आली की पोरं मागून ओरडायची, "वाट सापडली का?" गावातली चार माणसं घनसावंगीला साहेबांकडे जाऊन तिच्याविरुद्ध सांगून आली. एकदा कुंभार पिंपळगावच्या बाजारात ती आम्हाला समोरासमोर भेटली. मंगल माझ्या कडेवर होती, शेळीच्या दुधावर वाढलेली, पण गुटगुटीत. नर्सबाईनं तिच्या गालाला बोट लावलं आणि मला विचारलं, "दात आले का गं हिला?" आत्या खाली थुंकली आणि माझा दंड धरून ओढत घेऊन गेली. मी मागं वळून पाहिलं. मान हलवून हो म्हणायचं होतं, एवढंच. तेही केलं नाही. पुढच्या सुगीत कळलं की बाईची बदली झाली. कुठं, ते कुणी विचारलं नाही.

मी पळणं सोडलं. घागर माळवदाखालच्या खुंटीला गेली. आबांना मरेपर्यंत मी सांगितलं नाही, लिंबादादाला नाही, नवऱ्याला नाही.

मंगलची धाकटी लेक ऋतुजा पुण्याला नोकरी करते. मागच्या हिवाळ्यात ती आली आणि म्हणाली, "मावशी, आपल्या नदीकाठानं दौड ठेवलीय. दोन्ही काठांनी गोल. जुने घाट, वेस, सगळं दिसणार. मी पळणार." मी विचारलं, कुठून कुठं. तिनं मोबाईलवर रेघ दाखवली. माझा फेराच तो. फक्त उतार आता नाही. खाली बंधारा झाला, पाणी तुंबलं, वाळवंट बुडालं, टरबुजांच्या वाड्याही गेल्या. आता ते पुलावरून पलीकडे जातात, बंधाऱ्यावरून परत येतात. बाभूळ मात्र अजून आहे, म्हातारी, एका अंगाला कललेली. तिथं वाट फुटते, पळणारे चुकतील म्हणून कुणीतरी उभं पाहिजे, असं पोरं म्हणत होती. मी म्हणाले, मी बसते. सगळी हसली. "मावशी, ऊन लागंल तुम्हाला." मी म्हणाले, लागू द्या.

मंगल माझ्यासोबत आली. दोघी खुर्च्या टाकून बाभळीखाली बसलो. फांदीला लाल फीत बांधली होती. पहिली पोरं यायला अवकाश होता. मंगल नेहमीसारखं म्हणाली, "अक्का, माय कशी होती सांग ना गं." ती लहानपणापासून हेच विचारते आणि मी दरवेळी तिला जात्याचं सांगते, भिंगरीचं सांगते. त्या दिवशी मी तिला बाभळीचं सांगितलं. सगळं. मध्ये थांबले नाही, नाहीतर पुन्हा तोंड उघडलं नसतं.

मंगल फितीकडे बघत होती. मला वाटलं होतं, रडेल, किंवा उठून जाईल, किंवा लोक म्हणतात तसं म्हणेल की तू लेकरू होतीस. ऋतुजाची एक मैत्रीण डॉक्टर आहे. तिला मी आडून विचारलं होतं, तशा तापात एका सुईनं माणूस वाचतं का. ती म्हणाली, सांगता येत नाही, आजी. तेही मी मंगलला सांगितलं. तिनं ते ऐकल्यासारखं केलं नाही. तिनं एवढंच विचारलं:

"अक्का, त्या बाईचं नाव काय होतं?"

मला ठाऊक नव्हतं. आमच्या सगळ्या गावात कुणालाच ठाऊक नव्हतं. तिनं माझ्यासाठी खोटं बोलून स्वतःचं नाव मातीत घातलं, आणि आम्हाला ते नावच माहीत नव्हतं.

"न्हाई ठाऊक," मी म्हणाले.

मंगलनं पदरानं तोंड पुसलं. "निदान इचारायचं तरी," ती म्हणाली. आबांसारखंच. आबा ते बोलले तेव्हा ती तान्ही होती.

तेवढ्यात पहिला पोरगा आला, छातीवर आकडा, कानात काहीतरी घातलेलं. मी उभी राहून ओरडले, "इकडं, बाळा, गंगेच्या अंगानं! ती वाडीची वाट हाय, तिकडं न्हाई!" फीत दिसत होती, बाण काढलेला होता, तरी मी प्रत्येकाला ओरडून सांगत होते. ऋतुजा हसत हात हलवून गेली. काही जण 'थँक्यू आजी' म्हणाले. माझा घसा बसला. मंगलनं पाण्याची बाटली माझ्या हातात दिली. ती अजूनही माझ्याशी पहिल्यासारखं बोलत नाही. तो तिचा हक्क आहे.

सगळ्यात शेवटी एक बाई आली, पन्नाशीची, पळून पळून चालायला लागलेली, लंगडत. बाभळीपाशी थांबली आणि दोन्ही वाटांकडे बघत धाप टाकत म्हणाली, "काकू, गावाचा रस्ता कुठला?"

मी काठी घेतली आणि तिच्यासोबत पायवाटेनं चालायला लागले. आता बोरी नाहीत, ऊस आहे. ती म्हणाली, "अहो, तुम्ही कशाला, मी जाईन की." मी म्हणाले, "चला हो." वळणावरून महादेवाचा कळस दिसायला लागला तेव्हा मी तिला पुढे घातलं. ती दोन पावलं गेली असेल, आणि मला आठवलं.

"बाई," मी हाक मारली, "तुमचं नाव काय?"

तिनं वळून सांगितलं. मी घरी येऊन ते या वहीत पहिल्या पानावर लिहून ठेवलं, आणि त्याच्यावरची एक ओळ मोकळी सोडली.